कुलाब्यात ७३, सांताक्रूझला ९४४

माझी भाची बारावी सायन्स चांगल्या गुणांनी पास झाली. मुंब्र्याला तिच्या घरी पेढे वाटून झाले आणि तिसऱ्याच दिवशी बहिणीचा फोन आला. "भाई, तू येऊन जरा समजाव हिला. हिच्या अब्बांनी फार्मसीची सगळी चौकशी करून ठेवलीय, आणि ही म्हणते मला हवामानशास्त्र शिकायचंय."

मी समजवायला म्हणूनच गेलो होतो. जेवणं झाल्यावर तिच्या अब्बांनी आपलं म्हणणं मांडलं. त्यात वावगं काही नव्हतं. या लाइनीत नोकऱ्या किती? मुलीला पुण्याला राहावं लागेल का? आणि शेवटी, "आपल्यातलं कोण गेलंय या बाजूला?" भाचीने वाद घातला नाही. ताटं उचलता उचलता एवढंच विचारलं, "मामू, २६ जुलैला तुम्ही कुठे होतात?"

आमच्या घरात २६ जुलै म्हटलं की साल सांगावं लागत नाही. २००५. मी फोर्टमध्ये एका ऑफिसात हिशेब लिहीत होतो. बाहेर पाऊस होता, पण जुलैत असतो तसाच. तीनच्या सुमारास बहिणीचा कुर्ल्याहून फोन आला. तिचं नवीनच लग्न झालेलं, कुर्ल्याला एका शिवणक्लासमध्ये ती शिकवायला जायची. "भाई, इथे फार पाणी भरतंय, मला न्यायला येशील का?" मी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोर टपरीवर माणसं छत्रीखाली चहा पीत उभी होती. "इथे तर काहीच नाही. बस पकड आणि सरळ अम्मीकडे ये," असं म्हणून मी फोन ठेवला. तिने भावाचं ऐकलं. ती अख्खी रात्र तिने डबल डेकर बसच्या वरच्या मजल्यावर काढली. खालचा मजला पाण्यात होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ती चालत परळला अम्मीच्या दारात पोचली तेव्हा तिच्या पायात चपला नव्हत्या. तिने मला आजपर्यंत बोल लावलेला नाही. पण जून लागला की तिचा चेहरा उतरतो, हे मी इतकी वर्षं पाहतो आहे.

२७ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. कुलाब्याच्या वेधशाळेत ७३. शहर एकच, दोन्हींमधलं सरळ अंतर पंचवीस किलोमीटरच्या आत. माझ्या खिडकीतून जे दिसलं ते खोटं नव्हतं, आणि बहीण सांगत होती तेही खरं होतं. भाचीचा जन्म त्याच्या पुढच्या वर्षीचा. ही गोष्ट ऐकतच ती मोठी झाली. आम्हा बाकीच्यांच्या मनात त्या गोष्टीतली भीती राहिली, आणि हिने त्यातले दोन आकडे उचलले. "एवढा फरक का पडला, ते मला शिकायचंय, मामू."

समजवायला गेलेला मी, तिला एक दिवस मुंबई दाखवायचं कबूल करून परत आलो. मुंबई तिने पाहिलेली होतीच. पाऊस मोजणाऱ्याच्या नजरेने दोघांपैकी कोणीच पाहिली नव्हती.

मे महिन्याच्या अखेरच्या शनिवारी सकाळी आम्ही दादर स्टेशनच्या पुलावर भेटलो. उकाडा असा की पुलाचा कठडा हाताला चिकटत होता. आधी कॉलेजांची चौकशी. दादर, माटुंगा, परळ, गिरगाव या पट्ट्यात कीर्ती, रुपारेल, महर्षी दयानंद, विल्सन अशी जुनी कॉलेजं आहेत, आणि तिथे भौतिकशास्त्र-गणित घेऊन बी.एस्सी. करता येते. हवामानशास्त्राची वाट इथूनच सुरू होते. बारावीनंतर थेट 'हवामान' नावाची पदवी घ्यायची सोय आपल्याकडे फारशी नाही. आधी भौतिकशास्त्र किंवा गणितात पदवी, मग एम.एस्सी. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात वातावरण आणि अवकाश विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. दूर जायची तयारी असेल तर कोचीन आणि विशाखापट्टणमची विद्यापीठं आहेत, आय.आय.टी. दिल्ली आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आहे. आय.आय.टी.मधल्या एम.एस्सी.साठी 'जॅम' नावाची परीक्षा असते. पुढे संशोधन करायचं तर 'नेट' परीक्षेत पृथ्वी, वातावरण, महासागर असा वेगळा विषयच आहे. हे सगळं भाचीने आधीच एका वहीत लिहून आणलं होतं. मी मात्र वहीत नसलेली एक गोष्ट तिला सांगून ठेवली. ढगांकडे बघत बसण्याचं हे काम नाही. गणित आणि कॉम्प्युटर, कॉम्प्युटर आणि गणित. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था आहे, १९६२ साली स्थापन झालेली. तिथे २०१८ मध्ये 'प्रत्यूष' हा महासंगणक बसवला, तो हवेची गणितं सोडवण्यासाठीच. ती म्हणाली, "मला माहीत आहे. गणितात माझे सगळ्यात जास्त मार्क आहेत."

दादर पूर्वेकडून हिंदमातेपर्यंत चालत गेलो. हिंदमाता म्हणजे कापडाची दुकानं आणि पावसाळ्यात गुडघाभर पाणी, एवढंच मला ठाऊक. भाची रस्त्याच्या मधोमध थांबून चारही दिशांना पाहू लागली, तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की सगळे रस्ते इथे उतरत येतात. हा भाग बशीच्या तळासारखा आहे. मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेईल एवढ्याच हिशेबाने बांधलेली, तीही समुद्राला ओहोटी असताना. मोठी भरती असली की गटारांची समुद्राकडची तोंडंच पाण्याखाली जातात. मग पाण्याने जायचं कुठे? अलीकडे महापालिकेने दादरला प्रमोद महाजन कलापार्कखाली आणि परळला सेंट झेवियर्स मैदानाखाली जमिनीत मोठ्या टाक्या बांधल्या आहेत. इथलं पाणी पंपाने त्यांत नेऊन साठवायचं आणि पाऊस-भरती ओसरली की सोडायचं. पण पंप कधी तयार ठेवायचा, याचं उत्तर आभाळात असतं. वॉर्ड ऑफिसं, अग्निशमन केंद्रं अशा इमारतींवर पालिकेची स्वयंचलित पर्जन्यमापक यंत्रं बसवलेली आहेत, ती याचसाठी. दादरला किती पडला हे दादरलाच मोजावं लागतं. कुलाब्याचा आकडा दादरच्या कामाचा नाही. माझ्या खिडकीचा आकडा कुर्ल्याच्या कामाचा नव्हता, तसंच.

परळहून लालबागकडे वळलो. अम्मी होती तोपर्यंत आमच्या घरचा वर्षाचा मसाला लालबागच्या डंकावरच कुटला जायचा. मिरची गल्लीतून बेडगी आणि संकेश्वरी मिरची, धणे, खडा मसाला घ्यायचा, घरी गच्चीवर चादरी अंथरून कडकडीत ऊन द्यायचं, मग डंकावर. आजही मे महिन्यात त्या गल्लीत शिरलं की शिंका आणि ठसका आवरत नाही. एका डंकावर बायका रांगेत बसल्या होत्या. कोकणातल्या, घाटावरच्या, आमच्यासारख्या बुरख्यातल्याही दोघी. बोलणं एकाच विषयावर चाललेलं: पाऊस कधी येतो? एकीच्या मिरच्या अजून गच्चीवर होत्या आणि वळवाच्या सरीची तिने धास्ती घेतली होती. भाची हळूच म्हणाली, "मुंबईत मान्सून यायची सरासरी तारीख ११ जून आहे. पण वळीव त्याआधी कधीही." त्या बाईंनी मान वर करून विचारलं, "तू कोण गं, वेधशाळेतली?" भाची लाजली. मला मात्र त्या वेळी बरं वाटलं.

लालबागच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांतही तीच काळजी. हवेत दमटपणा वाढला की मूर्ती लवकर सुकत नाही, रंग बसत नाही. कारागीर मोठमोठे पंखे लावून बसतात. शेतकऱ्यालाच पावसाचा अंदाज लागतो असं आपण समजतो, पण या दीड किलोमीटरच्या गिरणगावात पावसाच्या तारखेवर किती घरांचा हिशेब बसलेला आहे!

आमच्या जुन्या चाळीखाली थोडं थांबलो. दहा बाय बाराची खोली, सात माणसं. भाचीने वही काढली आणि तिथेच हिशेब मांडला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. आमची खोली अकरा चौरस मीटरच्या थोडी वर. त्या दिवशी कुलाब्यात तेवढ्या जागेवर आठशे लिटर पाणी पडलं, म्हणजे चार पिंपं. सांताक्रूझला साडेदहा हजार लिटर. "एका खोलीवर एक टँकर, मामू. आणि अम्मी त्यात होती." मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं माझ्याकडे नव्हतं.

तिथून बस पकडून गिरगाव. खेतवाडीशी उतरलो, कारण तिच्या अब्बांच्या त्या प्रश्नाचं एक उत्तर मला तिथे दिसत होतं. पक्षितज्ज्ञ सलीम अली याच खेतवाडीत वाढले, १८९६ चा जन्म. आईवडील लहानपणीच गेलेले, मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी सांभाळ केला. पोराने मारलेली एक वेगळीच चिमणी कोणती, हे मामांना सांगता येईना, तेव्हा त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. त्या काळात पक्षी बघणं हा काय रोजगार होता? मोठी पदवी नसल्याने त्यांना नोकरीसाठी पुष्कळ हिंडावं लागलं. पण वाट सापडली. आणि वातावरणाच्या शेजारचाच विषय म्हणजे समुद्र. डॉ. सय्यद जहूर कासिम अलीगढला शिकले, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक झाले, आणि भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम त्यांच्याच नेतृत्वाखाली ९ जानेवारी १९८२ रोजी तिथे उतरली. भाचीच्या अब्बांना मी हे संध्याकाळी फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "एवढे मोठे लोक सांगू नकोस. साधी माणसं किती गेली ते सांग." त्यांचंही बरोबर आहे.

चौपाटीवर दुपारी वारा सुटला होता. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ करतो, पण त्यांच्यासाठी गिरगावसारखी जागा नाही. उन्हाने जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्राची गार हवा तिची जागा घ्यायला धावते, हे खारे वारे. रात्री उलट, जमिनीकडून समुद्राकडे, ते मतलई. हाच खेळ अख्ख्या उपखंडाच्या आकाराचा झाला की त्याला मान्सून म्हणायचं. अर्थात त्यात पृथ्वीच्या फिरण्याचा आणि हिमालयाचाही हात असतो. माझे अब्बा जहाजावर खलाशी होते. सुट्टीवर आले की फजरनंतर इथवर चालत यायचे आणि पाण्याकडे बघत उभे राहायचे. जहाजावर वायुभारमापकाचा काटा उतरू लागला की कप्तानाचा चेहरा कसा बदलतो, याची नक्कल ते फार छान करत. मान्सून हा शब्दच मुळी आपल्या जुन्या दर्यावर्दींचा. अरब खलाशी ज्या ऋतूत गलबतं हाकारता येतात त्याला मौसिम म्हणत. तो पोर्तुगीजांनी उचलला, त्यांच्याकडून इंग्रजांनी. कोळ्यांचा नाखवा हा फारसीतला नाखुदा. आणि हवामान या शब्दात तर हवा अरबी आणि मान, म्हणजे मोजमाप, संस्कृत. भाचीला हे फार आवडलं. वहीच्या मागच्या पानावर तिने लिहून घेतलं.

कुलाब्याला आर. सी. चर्चला उतरलो तेव्हा पाच वाजून गेले होते. वेधशाळा तिथून जवळच. आत जायची परवानगी आमच्याकडे नव्हती, त्यामुळे दारावरूनच पाहिलं. पण त्या भिंतीपलीकडची गोष्ट मोठी आहे. १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने ही वेधशाळा बांधली, जहाजांना अचूक वेळ आणि ताऱ्यांचे वेध मिळावेत म्हणून. १८४१ पासून एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली हवामानाच्या आणि चुंबकत्वाच्या नोंदी सुरू झाल्या. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनीही काही काळ इथलं काम पाहिलं. आणि अलिबागजवळच्या नागावचा एक मुलगा, केरो लक्ष्मण छत्रे, शिकता शिकता ऐन तरुण वयात इथे नोकरीला लागला. पुढे तो पुण्यात गणिताचा नामांकित प्राध्यापक झाला. लोकमान्य टिळक त्याचे विद्यार्थी. १८९६ मध्ये नानाभाई मूस हे इथले पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरल्यावर त्यांच्या विजेने चुंबकीय नोंदी बिघडतील म्हणून ते काम १९०४ मध्ये अलिबागला नेण्यात आलं, म्हणजे छत्र्यांच्या गावाशेजारीच. पावसाची मोजणी मात्र कुलाब्यातच राहिली.

२००५ नंतर काही वर्षांनी इथे डॉप्लर रडार बसलं. ढग कुठे आहे एवढंच नव्हे, तर त्यातलं पाणी कुठल्या दिशेला किती वेगाने सरकतंय हेही त्यात दिसतं. २०२२ मध्ये जोगेश्वरीच्या वेरावलीला दुसरं आलं. त्या दिवशी उत्तरेकडच्या उपनगरांवर ढगांचा उभा मनोरा तासन् तास एकाच जागी राहिला आणि निमुळता कुलाबा त्याच्या बाहेर राहिला. एवढं मी वाचून सांगू शकतो. तो तिथेच का थांबला, यावर अभ्यासक अजून काम करताहेत. भाचीला त्याच रांगेत उभं राहायचंय.

साडेपाच झाले. वेधशाळांत दिवसातून ठरावीक वेळी नोंदी घेतात, सकाळी साडेआठ, साडेअकरा, दुपारी अडीच, साडेपाच. भाचीने घड्याळ पाहिलं आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "आता आत कोणीतरी पारा वाचत असेल."

त्या रात्री मी तिला सोडायला मुंब्र्याला गेलो. नोकऱ्यांबद्दल जे खरं ते सांगितलं. हवामान खात्यात वैज्ञानिक साहाय्यकाची भरती स्पर्धा परीक्षेतून होते आणि भौतिकशास्त्र घेऊन पदवी झालेल्यांना ती देता येते, पण ती दरवर्षी निघत नाही. हवाई दलात हवामान शाखा आहे, तिथे मुलीही अधिकारी होतात. विमानतळ, पीकविमा, पवनऊर्जा यांनाही अशी माणसं लागतात. आणि काहीच जमलं नाही तर भौतिकशास्त्राची पदवी असलेली मुलगी शिक्षिका होऊ शकतेच. हे शेवटचं वाक्य बहिणीला पटलं, असं मला वाटलं.

पुण्याचा प्रश्न आला तेव्हा मी अ‍ॅना मणी यांची गोष्ट सांगितली. त्रावणकोरच्या या मुलीला भौतिकशास्त्र शिकायला इंग्लंडला जायचं होतं. शिष्यवृत्ती मिळाली ती हवामानाच्या उपकरणांची. तीच घेतली, आणि १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. आपली उपकरणं आपल्या देशात बनू लागली त्यात त्यांचा मोठा वाटा. बहीण ऐकत होती. मग म्हणाली, "भाई, त्या दिवशी मी तुझं ऐकून बस पकडली होती." एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिने हे तोंडाने काढलं. "आता हिचं तू ऐकलंस. बघू या."

तिच्या अब्बांनी तीन वर्षांची मुदत घातली. बी.एस्सी. दादरच्या एका कॉलेजात, घरून ये-जा करून. पुण्याचं तेव्हाचं तेव्हा. फार्मसीची पुस्तिका कपाटात गेली, फेकली मात्र नाही.

भाचीने कडेने सरळ असलेली एक बरणी, तिच्याच तोंडाएवढं नरसाळं आणि पट्टी घेऊन गच्चीवर पर्जन्यमापक केलं. रोज सकाळी साडेआठला मोजायचं असा नियम. पण जुलैत कॉलेज सुरू झालं आणि सातची लोकल पकडावी लागू लागली. मग साडेआठला गच्चीवर कोण जाणार?

माझ्या फोनवर आता रोज सकाळी बहिणीचा मेसेज येतो. कालचा असा होता : "८.३०. मुंब्रा ६१ मिमी. तुझ्याकडे किती?"